उंबरठा कोणत्या लाकडाचा?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. पाडकाम सुरू होताच जुन्या लाकडाचा व्यापारी येतो आणि सागवानी चौकटी आधी उचलतो. अनेक पावसाळे सोसलेल्या त्या लाकडावर रंधा फिरवला की आतला साग पुन्हा सोनेरी निघतो. त्याच घरातील कुटुंब मात्र नव्या सदनिकेत लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटे बसवते. खाडीकाठच्या दमट हवेत त्यांच्या कडा फुगतात, बिजागऱ्यांचे स्क्रू सुटतात आणि काही वर्षांतच ती भंगारात जातात. आपण काय टाकले आणि काय विकत घेतले, याचा विचार व्हायला हवा.

ज्यांना परवडते, ते आयात केलेला साग घेतात. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडीचा सागही आपल्या बाजारात येतो. त्यातील पुष्कळसा कोवळ्या वयात तोडलेला असतो. त्यात गाभा कमी आणि बाहेरचा फिकट भाग अधिक. वाळवीला तोंड देतो तो गाभाच!

वास्तविक लाकडाची पारख या भूमीला नवी नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि लवकरच कल्याणच्या खाडीत शिवछत्रपतींच्या आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या लाकडाविषयी जो दंडक सांगितला आहे, तो आजही मार्गदर्शक ठरावा. राज्यातील अरण्यांतील सागादी वृक्ष परवानगी घेऊनच तोडावेत, आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये. रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. स्वदेशीचा खरा अर्थ या संयमात आहे.

देशी लाकूड मागितले तर जंगले उजाड होतील, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तरही त्याच दंडकात आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील साग वन विभाग आणि वन विकास महामंडळ नियोजनानुसार तोडून लिलावाने विकतात. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून गेला, तो हाच साग. याउलट चोरट्या तोडीचे स्वस्त लाकूड कितीही जवळच्या जंगलातले असले, तरी त्याला स्वदेशी म्हणता येणार नाही. हातोड्याचा ठसा, वाहतूक परवाना आणि बिल पाहिल्याखेरीज लाकूड घेऊ नये.

सर्वच काम सागाचे असावे, असेही नाही. चौकटी व दारांना साग, भार पेलण्यास ऐन, खणांना हलकी आणि सहसा न वाकणारी शिवण, असा विवेक आपले जुने सुतार करीत. चाळ पाडताना निघालेला साग असेल, तर प्रथम तोच वापरावा.

घरात लाकूड थोडे असावे. परंतु जे असेल, ते नातवाच्या हाती सोपवता येईल असे असावे.