शेअर 50 टक्के पडला, मग 50 टक्के वाढला. तरी तोटा कसा?

4 जून 2024. नागपुरात नितीन गडकरी तिसऱ्यांदा निवडून येत होते आणि मुंबईत शेअर बाजार कोसळत होता. त्या दिवशी सेन्सेक्स 4,390 अंकांनी खाली आला आणि पडझडीचे स्क्रीनशॉट दिवसभर फिरत राहिले.

आता 28 एप्रिल 1992 चा दिवस बघा. हर्षद मेहता घोटाळा उघड झाल्यानंतरच्या त्या दिवशी सेन्सेक्स पडला होता फक्त 570 अंकांनी. मग मोठा धक्का कोणता? 1992 चा. तेव्हा निर्देशांक साधारण 4,467 वर होता, त्यामुळे घसरण होती 12.77 टक्के. 2024 मध्ये तो 76 हजारांच्या पुढे होता, म्हणून 4,390 अंक गेले तरी घसरण 5.74 टक्केच.

म्हणजे अंक नाही, टक्के बघायचे. पण टक्केही फसवतात, आणि खिशाला चाट बसते ती इथेच.

समजा, 100 रुपयांचा शेअर 50 टक्के पडला. उरले 50 रुपये. आता तो 50 टक्के वाढला, तर ही वाढ 50 रुपयांवर मोजली जाईल, 100 वर नाही. भाव होईल 75. पुन्हा 100 गाठायला तो दुप्पट, म्हणजे 100 टक्के वाढायला हवा. 80 टक्के पडलेल्या शेअरला तर 400 टक्के वाढ लागते. ‘इतका पडलाय, आता अजून किती पडणार?’ असं सांगणारे टेलिग्राम ग्रुपवाले हा हिशेब कधीच सांगत नाहीत. खरं तर 80 टक्के पडलेला शेअर तिथून आणखी निम्मा होऊ शकतो.

घसरण छोटी असेल तर फरकही छोटा. 4 जूनचे 5.74 टक्के भरून काढायला सेन्सेक्सला सुमारे 6.09 टक्के वाढ हवी होती.

कधीकधी मात्र 80 टक्के घसरण दिसते आणि तोटा एक रुपयाचाही नसतो. स्फोटकं बनवणाऱ्या नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजने 2016 मध्ये शेअर स्प्लिट केला. 10 रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे 2 रुपयांचे पाच शेअर झाले. अशा वेळी बाजारभाव साधारण पाचव्या हिश्शावर येतो, पण डिमॅट खात्यातले शेअर पाचपट होतात.

मोबाइल अ‍ॅपवरचे आलेख बहुतेक वेळा जुने भाव या हिशेबाने बदलून दाखवतात. जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट मात्र बदलत नाही. समजा, अशा स्प्लिटच्या आधी एखाद्याने 3,000 रुपयांना शेअर घेतला आणि नंतर भाव 900 दिसला. कागद बघून तो म्हणेल, 70 टक्के बुडाले. प्रत्यक्षात त्याची खरेदी आता 600 रुपयांची धरायची. तो 50 टक्के फायद्यात आहे.