आमचं घर ‘क्लास टू’ आहे!

‘आमची कॉलनी क्लास टू आहे,’ असं कुणी सांगितलं तर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या डोळ्यांपुढे रेल्वेचा डबा आला होता. प्रत्यक्षात हा महसूल खात्याचा शब्द निघाला. पूर्ण नाव ‘भोगवटादार वर्ग-२’. म्हणजे प्लॉट तुमच्या ताब्यात, घर तुम्ही बांधलेलं, घरपट्टी तुम्ही भरताय, दिवाळीला रंगही तुम्हीच काढताय. पण विकायचं म्हटलं, की आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि वर सरकारला नजराणा. वर्ग-१ वाल्यांना ही कटकट नाही. त्यांनी गिऱ्हाईक बघायचं, रजिस्ट्रेशन करायचं, मोकळं व्हायचं!

तुमच्या आईबाबांचं घर यातलं कुठलं, माहितीये? बहुतेक नसेल. आपल्या पिढीला स्वतःचा सिबिल स्कोअर तोंडपाठ असतो, पण वडिलांच्या प्लॉटचा वर्ग माहीत नसतो.

भानगड समजायला थोडं मागं जावं लागतं. जिल्ह्याच्या गावात नोकरदारांना घर परवडेना, तेव्हा सरकारने सहकारी गृहनिर्माण संस्थांना जमिनी दिल्या. कुठे शिक्षकांची संस्था, कुठे कारकुनांची, कुठे मागासवर्गीयांची. जमीन सवलतीत, म्हणून अटीही आल्या. सभासद कोण असावा, घर कुणाला विकता येईल, कुणाला विचारून विकायचं, हे सगळं वाटपाच्या आदेशात लिहिलेलं. मग ८ मार्च २०१९ ला राज्य सरकारने नियम काढले. रेडी रेकनरच्या ठरावीक टक्के रक्कम भरा आणि वर्ग-२ चं वर्ग-१ करून घ्या. सवलतीचा दर आधी तीन वर्षांपुरता होता, पुढे मुदत वाढत गेली. ‘मुदत संपतेय, मुदत संपतेय’ या घोषणेवर त्यानंतर महाराष्ट्रभर किती सर्वसाधारण सभा झाल्या असतील, देव जाणे.

त्यातली एक माझ्या आत्याच्या कॉलनीतली. सावेडीत, प्रोफेसर कॉलनी चौकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. (शहराचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे, पण शिवाजीनगरच्या स्टँडवर कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो, सो मीही नगरच म्हणणार.) ४२ घरांची शिक्षकांची संस्था. इथे सगळे एकमेकांना ‘सर’ आणि ‘बाई’ म्हणतात. नवरा-बायकोसुद्धा!

आधीच सांगून टाकते, या प्रकरणात माझा स्वार्थ आहे. आत्याला मूलबाळ नाही. घर पुढेमागे आम्हा भाचरांकडे येणार. म्हणजे कॉलनी क्लास वन झाली तर फायदा थेट माझा. पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या फ्रीलान्सरला याहून मोठी लॉटरी कुठली लागणार? तेव्हा पुढचं सगळं हे डोक्यात ठेवूनच वाचा.

हिशेब सोपा आहे. समजा, प्लॉटची रेडी रेकनरने किंमत २० लाख आणि दर १५ टक्के. तीन लाख भरले की अटी गेल्या. मग बिल्डरपासून डॉक्टरपर्यंत कुणालाही, बाजार देईल त्या भावाने विका. सभेत निम्म्या लोकांनी मोबाइलवर हाच गुणाकार केलेला होता. हिंजवडीतून एका सरांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, त्याने तर एक्सेल शीट बनवून ग्रुपवर टाकली होती. ‘रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट बघा ना काका,’ असं तो दर पाच मिनिटांनी सांगत होता.

पण बाजूने बोलणारे सगळे पैशापाठी लागलेले नव्हते. तिसऱ्या ओळीतले एक सर उठले. बाईंना डायलिसिस सुरू झाला तेव्हा घर विकून लेकीजवळ जायचं ठरलं होतं. गिऱ्हाईक मिळालं, इसार झाला. फाईल एका सरकारी कचेरीत गेली आणि तिथेच राहिली. या टेबलावरून त्या टेबलावर. आठ महिन्यांनी गिऱ्हाईकाने दुसरीकडे फ्लॅट घेतला, इसार परत मागितला. सर फार बोलले नाहीत. ‘मी ३३ वर्षं गणित शिकवलं, पण त्या फाईलचं उत्तर मला काढता आलं नाही,’ एवढं म्हणून खाली बसले. हॉलमध्ये बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आत्याचं म्हणणं तिच्या नेहमीच्या पद्धतीचं. ‘अगं, मी मेल्यावर परवानगी द्यायला यायचाय का त्यांचा साहेब?’

आणि खरी गंमत पुढेच आहे. कॉलनीतली काही घरं ‘विकली’ गेलेलीच आहेत. स्टँपपेपरवर साठेखत, वर मुखत्यारपत्र, पैसे देऊन-घेऊन मंडळी राहायलाही आली. शेअर सर्टिफिकेटवर मात्र जुन्याच सरांचं नाव, आणि ते सर वारले त्यालाही काही वर्षं झाली. महसूलच्या भाषेत याला शर्तभंग म्हणतात. नोटीस आली की दंड. म्हणजे अट कागदावर जिवंत आहे, बाजार तिला बाजूला सारून केव्हाच आत शिरलाय. नियम पाळणाऱ्याची फाईल अडकते आणि न पाळणारा मजेत गॅलरीत चहा पितो. अशी अट काढून टाका असं कुणी म्हटलं तर त्याला लोभी कसं म्हणायचं?

मग विरोध कुणाचा होता? सभेत जवळजवळ कुणाचाच नाही. कारण ज्यांचा असायला हवा, ते सभेत नव्हते. आत्याच्या वरच्या मजल्यावर एक शिक्षणसेवक मुलगी भाड्याने राहते. माझ्याच वयाची. माध्यमिक शाळेत शिकवते, मानधन महिना १८ हजार. हा आकडा २०२३ मधल्या वाढीनंतरचा आहे बरं का, त्याआधी आठ हजार होते! तीन वर्षं हे काढायचं, मग नियमित पगार. ही कॉलनी ज्या माणसासाठी उभी राहिली, तो माणूस म्हणजे आजच्या तारखेला ती. पण ती सभासद नाही, म्हणून तिला नोटीस नाही, मत नाही, खुर्ची नाही. मी तिला जिन्यात विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, ‘क्लास वन झाल्यावर आत्या भाडं वाढवणार नाहीत ना?’ स्वस्त घर आपल्यालाही मिळू शकलं असतं, हे तिच्या डोक्यातही आलेलं नव्हतं.

सरकारने जमीन ४२ माणसांना स्वस्तात दिली की ४२ शिक्षकांना, हा खरा वाद आहे. पहिलं असेल तर प्रश्न मिटला, ज्याचं त्याने विकावं. दुसरं असेल, तर ही सवलत एका घराबरोबर पुढच्या शिक्षकाकडे जायला हवी. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, आणि हो, ते माझ्या खिशाच्या विरुद्ध आहे.

हा पेच फक्त नगरचा नाही. न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या मिचेल-लामा कायद्याने मध्यमवर्गासाठी सहकारी इमारती बांधल्या. सरकारचं स्वस्त कर्ज, करात सूट, आणि घर सोडताना ठरलेल्या किमतीलाच परत करायचं. मागे वेटिंग लिस्टवर पुढचं कुटुंब थांबलेलं. ब्रुकलिन ब्रिजच्या जवळ साउथब्रिज टॉवर्स म्हणून असाच एक समूह आहे, दीड हजारांहून जास्त फ्लॅट्सचा. २०१४ मध्ये तिथल्या रहिवाशांनी मतदान करून योजनेतून बाहेर पडायचं ठरवलं. दोन तृतीयांश मतं लागत होती, ती जेमतेम मिळाली. वर्षानुवर्षं त्यावर भांडण चालू होतं, शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. लिफ्टमधलं ते वातावरण मी इमॅजिन करू शकते, कारण आत्याच्या कॉलनीत सध्या दोन बाईंनी हळदीकुंकवाला एकमेकींकडे जाणं टाळलंय.

आपल्याकडे सुरुवात मात्र वेगळ्याच विचाराने झाली होती. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी हे त्यामागचे. देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. तिथली पद्धत अशी, की इमारत संस्थेची आणि सभासद हा संस्थेचा भागीदारही आणि तिचा भाडेकरूही. घर ‘माझं’ म्हणून बाजारात नेता येईल अशी कल्पनाच त्यात नव्हती. आज आपण ‘सोसायटी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे मेंटेनन्स, पार्किंग आणि गणपतीची वर्गणी येते. मूळ फंडा काहीतरी वेगळा होता यार.

आणि तो जिवंत ठेवणारेही आहेत. शेजारच्या सोलापुरात कुंभारीला विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था काढली. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि विडी वळून साठवलेला बायकांचा वाटा. मागे नरसय्या आडम मास्तरांची कितीतरी वर्षांची खटपट. नंतर त्याच भागात रे नगरची ३० हजार घरांची योजना आली, त्यातली १५ हजार १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिली गेली. पक्ष वेगळे, सरकारं वेगळी, पण रांगेतल्या बायका त्याच. अशी घरं उभी करायला काय घाम गाळावा लागतो हे तिथे जाऊन बघावं. मोडायला मात्र एक संध्याकाळची सभा पुरते.

नगर जिल्ह्याला तर हे वेगळं सांगायला नको. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास पहिलं गाळप झालं. पुढे राज्यातले कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडाले आणि लिलावात खासगी कंपन्यांकडे गेले. त्यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज भाषणं होतात. ‘सभासदांच्या मालकीचं विकून खाल्लं!’ तेच काका संध्याकाळी सभेला येऊन हात वर करतात. मला गंमत वाटली, एवढंच.

बरं, मग करायचं काय? सभेत मला एक गोष्ट खटकली. ठराव एकच होता, पण त्यात प्रश्न दोन होते. पहिली कडी जिल्हाधिकाऱ्यांची, जमिनीच्या वर्गाची. दुसरी कडी संस्थेची स्वतःची. सभासद कोण होऊ शकतो हे सांगणारा उपविधी. पहिली काढली म्हणून दुसरी आपोआप निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सांगितलं, की सभासदत्व कुणाला द्यायचं याचा नोंदलेला उपविधी सभासदाला बांधील राहतो. तिथे अट पारशी असण्याची होती. जात-धर्म बघून घर देणं मला अजिबात पटत नाही, पण कायद्याचा मुद्दा इथे कामाचा आहे. ‘नवा सभासद शिक्षक असावा’ ही ओळ उपविधीत ठेवायची का काढायची, हा निर्णय कॉलनीच्या हातात उरतो. ती काढायला सभेचं दोन तृतीयांश बहुमत आणि उपनिबंधकांची मंजुरी लागते.

नगरच्या ठरावात हे दोन्ही एका वाक्यात कोंबलं होतं. ‘वर्ग-१ करून घेणे व सभासदत्वाच्या अटी शिथिल करणे.’ व! त्या एका ‘व’वर कुणी बोट ठेवलं नाही. शेवटी आत्याच उठली. निवृत्त झाली तरी व्याकरण सुटत नाही. ‘सेक्रेटरी सर, हे संयुक्त वाक्य आहे, दोन वाक्यं करा.’ लोक हसले, पण दोन झाली. पहिला ठराव भरघोस मतांनी मंजूर. मीही सभासद असते तर हात वर केला असता, त्या डायलिसिसवाल्या सरांसाठी. दुसरा पुढच्या सभेवर ढकलला, कारण हिंजवडीवाल्याने लगेच विचारलं, ‘शिक्षकच घेणार म्हटलं तर रेट किती पडेल?’ उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पडेल! आणि घर शिक्षकाच्या आवाक्यात यायचं तर तो पडावाच लागेल.

कुणी तरी मधला मार्ग सुचवला, की अट काढा, पण विकणाऱ्याकडून नफ्यातला वाटा घेऊन त्यातून नव्या शिक्षकाला मदत करा. ऐकायला झक्कास. पण हस्तांतरण शुल्कावर २००१ पासून मर्यादा आहे, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार रुपये. तेवढ्यात नव्या शिक्षकाच्या घराची फरशीही बसणार नाही. त्यामुळे अट गेली, की तिच्या बदल्यात संस्थेच्या हाती काहीही येत नाही.

तुमच्या घरी अशी नोटीस येईल, तेव्हा तीन कागद मागवा. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, त्यावर वर्ग लिहिलेला असतो. जमीन दिली तेव्हाचा वाटपाचा आदेश, त्यात अटी असतात. आणि संस्थेचे नोंदणीकृत उपविधी, जे सेक्रेटरींच्या कपाटात जुन्या बिलांखाली सापडतात. आत्याच्या कॉलनीत ते सापडायलाच चार दिवस लागले. सभासदत्वाची अट पान सातवर आहे, पेनाने अधोरेखित केलेली. कुणी केली, ते आता कुणालाच आठवत नाही.