सहलीचा जमाखर्च

बारामतीजवळच्या पिंपळीच्या काळ्या रानांत ऊस डोलतो. पण त्या मातीचें माहेर कोणतें, हें घरांतील मुलांस क्वचितच ठाऊक असतें. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून शिलारस वाहून त्याचे थरांवर थर सांचले. त्या खडकाच्या झिजेंतून ही काळी माती झाली. तेच थर उघडे पाहावयाचे असतील, तर उत्तरेकडे अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगडास जावें. तेथील कोंकणकड्यावरून ते पायऱ्यांसारखे दिसतात. या खडकास शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ स्वीडिश अर्थही जिना असाच आहे.

ही सहल थोडक्या खर्चांत होते. पुणें, संगमनेर, अकोले या मार्गानें राजूरपर्यंत एस. टी.नें जावें, मार्च २०२३ पासून तींत स्त्रियांस अर्धेंच भाडें पडतें. तंबू भाड्यानें आणावा. सतरंज्या, पातेलीं व कंदील घरचेच न्यावे. दशम्या, मेतकूट, भाजणी हीं बरोबर असावींत. मार्गशीर्ष-पौषांत तेथें थंडी कडक असते, तेव्हां पांघरुणांत मात्र काटकसर नको. पायथ्याच्या पाचनई गांवीं जागेच्या मालकास विचारून तंबू ठोकावा. हा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे. म्हणून गडावर राहावयाचें असल्यास वनखात्याकडे आधीं चौकशी करावी. पहांटे चढूं लागल्यास केदारेश्वराच्या गुहेंतील पाण्यानें वेढलेलें शिवलिंग व कडा पाहून दिवसाउजेडीं परततां येतें.

येथवर हिशेब सोपा आहे. परंतु एक रक्कम वहींत बहुधा लिहिलीच जात नाहीं. दशम्या कोणीं लाटल्या? थंडींत उठून चहा कोणीं केला? घरीं गॅस आणि तंबूपाशीं स्टोव्ह, एवढाच जिला फरक पडला, त्या सुनेची सहल झाली असें म्हणतां येईल काय? मंडळी कडा पाहून येतात आणि ती पातेलीं घासून! अशी सहल स्वस्त नसते. तिची उरलेली किंमत एकटीच्या श्रमांतून वसूल झालेली असते.

म्हणून निघण्यापूर्वींच पाळ्या ठरवाव्या. पाणी मुलांनीं आणावें, भांडीं पुरुषांनीं घासावीं आणि रात्रीचें पिठलें-भाकरीचें जेवण गांवांतील एखाद्या घरीं रास्त पैसे देऊन घ्यावें. खर्च थोडा वाढेल. पण रांधणारीस मोबदला मिळेल व आपली सूनही सर्वांबरोबर कड्यापर्यंत जाईल. हा नियम घरांतील वडील माणसानें, शक्य तर सासूबाईंनींच, आधीं सांगावा. सुनेवर तो मागण्याची वेळ येऊं देऊं नये.