साखरेच्या डब्याचा हिशेब

आमच्या गोंदिया जिल्ह्यात ज्या घरी कुणाला 'शुगर' निघते, तिथे एकच बदल होतो. अब्बांचा चहा वेगळा, फिका. बाकी पातेले पूर्वीसारखेच गोड. दुखणे अब्बांचे, म्हणून पथ्यही त्यांचेच!

आम्हांला हे उलटे वाटते. ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे त्यांना तो होण्याचा धोका जास्त. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी, तर उंबरठ्यावर उभे असलेले साडेतेरा कोटींच्या वर. म्हणजे सावरण्याजोगी माणसे आजाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, आणि ती गोड पातेल्यातलाच चहा पितात. त्यात आपला हा धानाचा मुलूख. दोन्ही वेळा पांढऱ्या तांदळाचा भात, आणि तोही रक्तातली साखर भराभर चढवतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. पाच माणसांच्या घराला महिन्याला पावणेचार किलो झाली. आता किराण्याची चिठ्ठी काढून पाहा. बिस्किटे, मिठाई, थंड पेयाची बाटली यांतली साखर त्या चिठ्ठीत दिसत नाही, ती वेगळी. गूळ आणि मधही याच हिशेबात धरायचे. गूळ चालतो म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पाहुण्यांचे काय? फिका चहा दिला तर कंजूष म्हणतील, ही भीती खरी आहे. साखर वेगळ्या वाटीत ठेवावी, ज्याची त्याने घ्यावी. इफ्तारलाही खजूर आणि पाण्यानंतर सरबताचा दुसरा पेला भरण्याचा आग्रह नको. मधुमेहींनी तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रोजात साखर ७० च्या खाली उतरली तर रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे.

तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. अब्बांना दाखवायला न्याल तेव्हा आपलेही बोट पुढे करावे.