खेळाडू मुलांचे वेळापत्रक : झोपेच्या खात्यातून उधारी नको

मुळशी तालुक्यातील काही घरांत पहाटे साडेचारलाच दिवा लागतो. मुठा खोऱ्यातील किंवा पौड-कोळवण भागातील मुलगा तालमीकडे निघतो. त्याच वेळी म्हाळुंगे-हिंजवडीच्या बाजूच्या एखाद्या सदनिकेतील मुलगी पोहण्याची पिशवी खांद्याला लावून बालेवाडीच्या तलावाची वाट धरते. ज्यांच्या स्मरणार्थ ‘महाराष्ट्र केसरी’ची चांदीची गदा दिली जाते, ते मामासाहेब मोहोळ मुठा गावचे, आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल म्हाळुंगे-बालेवाडीचे. त्यामुळे या तालुक्यात खेळाची हौस नव्याने रुजवावी लागत नाही. अडचण सुरू होते ती सराव संपल्यानंतर, शाळेच्या घंटेपाशी.

शाळा आणि सराव यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न आपण सहसा अभ्यासाचा किंवा शिस्तीचा मानतो. आरोग्याच्या दृष्टीने त्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. त्यासाठी प्रथम एक साधी बेरीज करू.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली केली. अंगमेहनत करणाऱ्या मुलासाठी आपण नऊ तास धरू. शाळेचे सहा तास, सकाळ-संध्याकाळच्या सरावाचे मिळून चार तास, घर, मैदान आणि शाळा यांतील ये-जा दोन तास, अंघोळ व जेवणखाण दोन तास. बेरीज झाली तेवीस तास. उरला एक तास. त्यात गृहपाठाचा एक तास आणि शिकवणीचा दीड तास बसवायचा, तर दिवस साडेपंचवीस तासांचा हवा. पौड रस्त्यावरील किंवा हिंजवडीच्या चौकातील वाहतुकीची कोंडी या हिशेबात धरलेलीच नाही.

हा जादा दीड तास कोठून येतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. शाळा आपला तास सोडत नाही, प्रशिक्षक आपले सत्र सोडत नाहीत, शिकवणीचे शुल्क आगाऊ भरलेले असते. तक्रार न करणारे असे एकच खाते उरते, ते झोपेचे. सगळी उधारी तेथूनच होते. पुढे मोबाइल हाती आला की आणखी अर्धा-पाऊण तास त्याच खात्यातून जातो.

या उधारीचे व्याज शरीर भरते. वाढीस आवश्यक असलेल्या संप्रेरकाचा मोठा स्राव गाढ झोपेत होतो. दिवसभरात शिकलेला डाव, हाताची फेक किंवा पाण्यातील हालचाल मेंदूत पक्की होते तीही झोपेतच. लॉस एंजेलिस येथील शालेय खेळाडूंचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापत होण्याचा संभव इतरांच्या सुमारे १.७ पट आढळला. त्यातच किशोरवयात झोप येण्याची नैसर्गिक वेळ पुढे सरकते. ‘दहा वाजता पडला तरी याचा डोळा लागत नाही’ ही आईची तक्रार खरी असते, पण तो दरवेळी मुलाचा दोष नसतो.

या बाबतीत आपल्या जुन्या तालमीचा दिनक्रम आठवण्याजोगा आहे. पहाटे जोर-बैठका आणि लढती, त्यानंतर खुराक, दुपारची पुरेशी झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत, असे ते चक्र होते. वस्ताद मेहनतीत कठोर असत, तरी दुपारच्या झोपेला हात लावत नसत; ती मेहनतीचाच भाग समजली जाई. आजच्या शाळकरी मल्लाने या दिनक्रमातील पहाट आणि संध्याकाळ तेवढी घेतली, दुपार मात्र शाळेच्या बाकावर गेली. मधले पान फाडून पोथी वाचावी, तसे हे झाले.

तालुक्याच्या दोन भागांत या अडचणीचे रूपही वेगळे असते. अकराच्या सुमारास भरणाऱ्या गावच्या माध्यमिक शाळेतील मुलाला सकाळी सराव, न्याहारी आणि थोडी विश्रांती एवढे मिळू शकते. त्याची ओढाताण होते ती संध्याकाळी पाचनंतर. शहराला लागून असलेल्या भागात शाळेची गाडी सातच्या आतबाहेर दारात येते. तेथे सकाळचा सराव म्हणजे थेट झोपेवर घाव आणि बहुधा न्याहारीलाही फाटा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असे ठरविले. त्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता. मात्र पाचवीपासूनचे वर्ग त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच किशोरवयीन मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत असे सुचविले होते. झोपेचे घड्याळ बदलते ते याच वयात, हे येथे ध्यानात घ्यावे.

मग लवचीक वेळापत्रक म्हणजे काय? प्रथम, ते काय नव्हे हे पाहू. ‘तुम्ही मुलाला सरावाला पाठवा, हजेरीचे आम्ही पाहून घेऊ’ हे लवचीक वेळापत्रक नव्हे. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत खासगी शिकवण्यांच्या सोयीसाठी अशीच कागदी हजेरी बोकाळली. अखेर २०१८ साली शासनाला कनिष्ठ महाविद्यालयांतील विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. कागदावर उपस्थित असलेल्या खेळाडूचे शिकणे कोणाच्याच जबाबदारीवर राहत नाही, आणि खेळ सुटला की ते मूल दोन्हीकडून रिकामे उभे राहते. त्याचप्रमाणे चुकलेला तास रात्री अकराला भरून काढणे, हेही लवचीक वेळापत्रक नव्हे. त्याने ओझे फक्त दिवसाकडून रात्रीकडे सरकते. खरी लवचीकता तीच, जिच्यात दिवसातून काहीतरी प्रत्यक्ष वजा होते आणि ते काय, हे शाळा, प्रशिक्षक व पालक यांनी लिहून ठरविलेले असते.

व्यवस्थेत यासाठी काही वाटा आधीच आहेत. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवास, सराव आणि शालेय शिक्षण एकत्र गुंफलेले असते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये याच योजनेत दाखल झाला होता. प्रवेश आणि पदक यांत पंधरा वर्षे गेली, हे घाई करणाऱ्या पालकांनी अवश्य नोंदवावे. मुळशीतच कासार आंबोली येथे मुलींची निवासी सैनिकी शाळा आहे. अशा निवासी शाळांत रोजची ये-जा वाचते, आणि आपल्या हिशेबात ते दोन तास फार मोलाचे आहेत.

परीक्षांच्या बाबतीतही मार्ग आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ साली हरियाणाचा नेमबाज अनीश भनवाला याच्यासाठी दहावीच्या काही विषयांची परीक्षा नंतर घेण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी पंधराव्या वर्षी त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे परीक्षा चुकणाऱ्या खेळाडूंसाठी ते मंडळ ती परीक्षा नंतर देण्याची सोय करते. अशा स्पर्धेतील सहभागासाठी पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या नियमातही तेथे सवलत मागता येते. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात; त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे वेळेत जावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पण मुक्त शाळेत रोजचा वर्ग, शिक्षक आणि सवंगडी नसतात. त्यामुळे मुलाचा खेळ राज्य पातळीपलीकडे स्थिरावल्याखेरीज आणि घरी अभ्यासाची पक्की व्यवस्था झाल्याखेरीज ती वाट धरू नये.

तथापि गुण आणि परीक्षा यांची सोय वर्षातून एकदा कामी येते. मूल जगते ते रोजच्या दिवसात. म्हणून मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा केवळ ‘थोडी सवलत द्या’ असे न म्हणता नेमक्या पाच गोष्टी मागा.

पहिली, आठवड्यातील ठरावीक दिवशी पहिली किंवा शेवटची तासिका माफ असावी. ती शक्यतो शारीरिक शिक्षणाची असावी, कारण ते शिक्षण मूल मैदानावर घेतच असते. दुसरी, सराव करून आलेल्या मुलाला दहा मिनिटे बसून खाण्याची मुभा मिळावी. सरावानंतर तीन-तीन तास पोटात काही नसणे स्नायूंना आणि बुद्धीला सारखेच मारक आहे. तिसरी, स्पर्धेच्या काळात येणाऱ्या घटक चाचण्यांची पर्यायी तारीख आधीच ठरावी. चौथी, चुकलेल्या पाठातील नेमके काय भरून काढायचे, हे सांगणारे एक शिक्षक नेमून द्यावेत. सगळ्या वह्या उतरवून काढण्यात शिकणे थोडे आणि जागरण फार होते. पाचवी, हे सारे एका कागदावर लिहून त्यावर शाळा, प्रशिक्षक आणि पालक या तिघांच्या सह्या असाव्यात.

वर्षाचा अंदाजही याच कागदावर येऊ द्या. शालेय क्रीडास्पर्धा तालुक्यापासून जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या पायरीने पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतात, आणि मंडळाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. म्हणजे जून-जुलै हा अभ्यासात पुढे जाण्याचा काळ आहे. तो हातचा गेला की डिसेंबरनंतर दोन्ही ओझी एकदम अंगावर येतात.

प्रशिक्षकांशीही मोकळेपणाने बोला. मुलांच्या क्रीडावैद्यकात एक साधा दंडक सांगितला जातो : आठवड्यातील संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत. चौदा वर्षांच्या मुलासाठी चौदा तास, म्हणजे सहा दिवस धरले तर रोज सव्वादोन तासांच्या आसपास. आपण वर धरलेल्या चार तासांच्या जवळजवळ निम्मे! आठवड्यात एक पूर्ण दिवस सुटीचा, ही अटही त्यात मोडते. रविवारी शाळा नाही म्हणून तीन सत्रे घेणे म्हणजे शाळेने दिलेली सवड मैदानाने गिळणे होय.

काही खुणा मात्र कोणत्याही वेळापत्रकाहून महत्त्वाच्या आहेत. सुटीच्या दिवशी मूल दोन-तीन तास अधिक झोपत असेल, तर रोजची झोप अपुरी आहे. गुडघा, टाच, खांदा किंवा कंबर यांचे दुखणे दोन आठवडे टिकले, तर मलम बदलत बसू नका, तपासून घ्या. वाढत्या हाडांची टोके नाजूक असतात. पाळी नियमित सुरू झालेल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ते ‘सरावामुळे होते’ म्हणून सोडून देऊ नका. मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. वजनगटासाठी जेवण किंवा पाणी तोडणे वाढीच्या वयात सर्वथा टाळावे. आवडीचा खेळ नकोसा वाटणे, सतत चिडचिड आणि वारंवार सर्दी-ताप हेही शरीराने लिहिलेले अर्जच आहेत.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. तालुका आणि जिल्हा पातळीवर चमकणाऱ्या बहुतेक मुलांचा चरितार्थ पुढे खेळावर चालत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. परंतु त्या पदासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता सुटत नाही. म्हणून शाळा ही खेळातील अडसर मानून चालणार नाही, आणि खेळ हा अभ्यासाचा वैरी समजूनही भागणार नाही. दोन्ही टिकवायची, तर दोघांनीही थोडे थोडे सोडावे लागेल, आणि ते मुलाने एकट्याने मागून मिळणार नाही. त्याच्या वतीने बोलणे हे मोठ्यांचे काम आहे.

तेव्हा पुढील अंक हाती येईपर्यंत एवढे करा. एक वही घ्या आणि सलग चौदा दिवस पाच नोंदी ठेवा : झोपण्याची व उठण्याची वेळ, सरावाचे तास, प्रवासाचे तास, सरावानंतर किती वेळाने खाल्ले, आणि अंगात कोठे दुखते का. नोंदी शक्यतो मुलानेच कराव्यात. झोपेची सरासरी आठ तासांच्या खाली आली, तर ती वही घेऊन आधी प्रशिक्षकांना आणि मग मुख्याध्यापकांना भेटा. आवाज चढविण्याची गरज नाही. चौदा दिवसांचे आकडे समोर ठेवले की बोलणे आपोआप मुद्द्यावर येते. आणि त्या भेटीला मुलालाही बरोबर न्या. आपल्या दिवसातून काय वजा व्हावे, हे त्याला विचारणारे कोणीतरी असले पाहिजे.