पीळ किती द्यावा?

बोल्ट जितका घट्ट आवळावा तितका तो भरवशाचा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. आमच्या मते हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय घातकही आहे. योग्य पीळ म्हणजे अधिकाधिक पीळ नव्हे. तो मोजून दिलेला पीळ होय.

उदाहरणादाखल आपण टू-स्ट्रोक मोटारसायकल घेऊ. म्हैसूरची येझदी व यामाहाची आरएक्स १०० यांचे उत्पादन १९९६ साली थांबले; तथापि शौकिनांनी या गाड्या अद्याप जपल्या आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर या भागांत मातीवरील शर्यतींचेही तरुणांना मोठे आकर्षण आहे. अशा धावपट्टीवर गाडीस हादऱ्यांमागून हादरे बसतात. त्यातून टू-स्ट्रोक इंजिनात दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांस एकदा होतो. साहजिकच बोल्ट सैल होतात, आणि गाडी धावून आली की ते तपासावे लागतात.

सैल बोल्टाचा परिणाम केवळ खडखडाट नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण क्रँककेसमधून वर जाते. तेथील सांधा सैल राहिला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि अखेर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. वेगात असलेल्या गाडीचे चाक अशा वेळी एकाएकी अडकले तर स्वाराची काय गत होईल, हे सांगावयास नकोच.

मग शक्तीनिशी आवळावे काय? मुळीच नाही. बोल्ट आवळणे म्हणजे त्यास किंचित ताणणे होय. ताणलेला बोल्ट स्प्रिंगप्रमाणे दोन भाग धरून ठेवतो. मर्यादेपलीकडे ताणला की तो पूर्ववत होत नाही. आणि इंजिनाचे अंग ॲल्युमिनियमचे असल्याने बहुधा त्यातील आटेच प्रथम जातात. म्हणून टॉर्क पाना वापरावा. पोलादी ६ मिलिमीटर बोल्टास साधारणपणे १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. २० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकास सुमारे ५ किलोचा भार दिल्याने तो मिळतो. नेमका आकडा मात्र त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा. सिलिंडर हेडचे नट थंड इंजिनावर, समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. एका बाजूने आवळत गेल्यास हेड वाकते व गॅस्केट गळते.

कोणी म्हणेल, "उस्तादाचा हात कधी चुकत नाही." अनुभवी हाताविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु दिलेल्या पिळाचा सुमारे नऊदशांश भाग घर्षणातच खर्च होतो. आटे गंजलेले आहेत, कोरडे आहेत की तेलकट, यावर सारे अवलंबून असते, आणि हा फरक हातास कळत नाही. पानाही येथे फसतो; म्हणून आधी आटे स्वच्छ करावेत आणि तेल लावावे की न लावावे, हेही पुस्तकात पाहावे. शिवाय दिवसभराच्या कामाने हात थकतो, आकडा थकत नाही.

याहून मोठे कारण शिक्षणाचे आहे. सुरतेत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली कितीएक मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांपैकी अनेक जण उद्या यंत्रमागाजवळ किंवा दुरुस्तीच्या दुकानात उभे राहतील. उस्तादाचा अंदाज त्याच्या हातातच राहतो. आकडा मात्र पहिल्या दिवशीही शिकता येतो. येथे कोसाडास आमच्या घरी कोकणी, शाळेत मराठी व बाजारात गुजराती चालते. पान्यावरील आकडा तिन्ही भाषांत एकच असतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, शाळेच्या कार्यानुभवाच्या तासास एक तरी टॉर्क पाना मुलांच्या हाती द्यावा, आणि पालकांनीही या कामास हलके लेखू नये. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील बल व अंतर यांचा गुणाकार जो विद्यार्थी पान्यावर पडताळून पाहील, त्यास तो जन्मभर विसरावयाचा नाही. आणि त्याने आवळलेल्या चाकावर बसणारा माणूस सुखरूप घरी पोहोचेल.