आधी लेटन्सी मोजा, मग स्विच घ्या

व्हर्च्युअल मशीन संथ चालतात अशी ओरड सुरू झाली की पहिला प्रस्ताव जवळजवळ ठरलेला असतो: एक गिगाबिटचे नेटवर्क काढा, दहा गिगाबिटचे बसवा. हा प्रस्ताव मांडायला सोपा आणि मंजूर करून घ्यायला त्याहून सोपा, कारण नवा स्विच रॅकमध्ये दिसतो. स्टोरेज अजूनही फिरत्या डिस्कवर असेल, तर हा खर्च बहुधा चुकीच्या जागी होतो. व्हीएमची रोजची अडचण बँडविड्थची कमी आणि प्रत्येक लहान विनंतीला लागणाऱ्या वेळेची जास्त असते. म्हणून हा वेळ नेमका कुठे जातो हे मोजल्याशिवाय खरेदीचा कागद पुढे सरकवू नये, असे आमचे मत आहे.

हिशेब साधा आहे. मिनिटाला 7,200 फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी 8.3 मिलिसेकंदांची. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद लागतात आणि हेड जागेवर न्यायला आणखी 8 ते 9. एकूण 12-13 मिलिसेकंद धरले तर एक डिस्क सेकंदाला 75-80 विखुरलेल्या विनंत्या पुरवते. आठ डिस्क मिळून सहाशेच्या आसपास. विनंती 4 केबीची असेल तर हे जेमतेम अडीच एमबी होतात, आणि एक गिगाबिटची लाइन सेकंदाला 110 एमबीहून अधिक सहज वाहून नेते. विनंत्या विखुरलेल्याच का धरायच्या? एकेक व्हीएम सलग वाचत असली तरी एका होस्टवरच्या वीस व्हीएमचे सलग प्रवाह स्टोरेजपाशी एकमेकांत मिसळतात आणि डिस्कच्या दृष्टीने सगळा मामला विस्कळीत होतो. त्यात रेड 5 असेल तर लहान राइटसाठी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायची, अशी चार कामे पडतात. सहाशेचे दीडशे होतात. रेड 10मध्ये हाच दंड दोन कामांचा असतो.

आता दहा गिगाबिटने काय साधते ते पाहू. 4 केबीचा तुकडा एक गिगाबिटच्या तारेवर चढवायला सुमारे 33 मायक्रोसेकंद लागतात, दहा गिगाबिटवर 3.3. बारा मिलिसेकंदांच्या प्रतीक्षेतले 0.03 मिलिसेकंद वाचले, एवढीच ती कमाई. डेटाबेस जेव्हा कमिट करतो तेव्हा आधीची नोंद कायमची झाल्याची पोच येईपर्यंत तो थांबून असतो. पोच यायला एक मिलिसेकंद लागत असेल तर अशा एका रांगेतून सेकंदाला हजारच नोंदी निघतील, तार कितीही रुंद असो. रस्ता आठपदरी केला तरी टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असावी, तसा हा प्रकार आहे. ईएसएक्सआय एनएफएसवर लिहिताना प्रत्येक राइट कायमचा झाल्याची हमी मागते, त्यामुळे ही खिडकी तिथे फार लवकर तुंबते. झेडएफएसवर यावर उपाय आहे: वीज गेली तरी हातातला डेटा राखणारी लहान एसएसडी लॉगसाठी वेगळी द्यायची. तिची किंमत स्विचपेक्षा कमी आणि गुण जास्त.

यावर हमखास येणारा सल्ला म्हणजे सिंक राइट बंद करून टाका, यूपीएस आहेच. आकडे खरोखर उडी मारतात, पण पोच खोटी ठरते. यूपीएस वीज जाण्यापासून वाचवते. कर्नल पॅनिक किंवा जळालेला पॉवर सप्लाय यांच्यापुढे तिचा इलाज नाही. आतल्या डेटाबेसने जे सुरक्षित मानले ते डिस्कवर पोचलेलेच नसते. चाचणीच्या व्हीएमवर हे चालेल, हिशेबाच्या सर्व्हरवर नाही. दुसरा आवडता उपाय जम्बो फ्रेमचा. 1,500ची मर्यादा 9,000 केली की उपयुक्त भार साधारण 95 टक्क्यांवरून 99वर जातो. मोठ्या सलग वाहतुकीत हा फायदा खरा आहे. मात्र वाटेतल्या एका पोर्टवर जुनी मर्यादा राहिली तर मोठी पॅकेट गळतात आणि जोडणी अडकून पडते. दोन केबल एलएसीपीने बांधल्या तरी एक टीसीपी जोडणी एकाच केबलवरून जाते. आय-स्कझीला त्यापेक्षा मल्टिपाथ योग्य.

एसएसडी आल्यावर हा सगळा युक्तिवाद जुना झाला, असा आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. एसएसडी वाचनाला शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात उत्तर देते, तेव्हा तारेवरचे 33 मायक्रोसेकंद जाणवू लागतात आणि दहा गिगाबिटचा खर्च सार्थ ठरतो. बॅकअपसाठी आणि व्हीएमच्या स्थलांतरासाठीही तो ठरतो. मात्र वीज जाण्यापासून संरक्षण नसलेल्या स्वस्त एसएसडी सिंक राइटला अडखळतात, आणि व्हीएममध्ये अनुकरण केलेला आयडीई कंट्रोलर तसाच ठेवला तर महागडी डिस्कही दबून जाते. तिथे व्हर्टआयओ किंवा पीव्हीस्कझी लावायला एक पैसा लागत नाही.

मोजायला वेळ कुठे आहे, असेही विचारले जाईल. एक दुपार पुरते. एफआयओने 4 केबीची विखुरलेली चाचणी, रांग एकची आणि सिंकसह, आधी थेट स्टोरेजवर चालवा, मग होस्टवर, शेवटी व्हीएममध्ये. स्टोरेजवरच आकडा वाईट असेल तर दोष डिस्कचा किंवा रेडचा. होस्टवर बिघडला तर नेटवर्कचा किंवा प्रोटोकॉलचा. व्हीएममध्ये बिघडला तर ड्रायव्हरचा. शून्यांची फाइल डीडीने लिहून आलेला आकडा धरू नका, कारण तो कॅशचा आणि कॉम्प्रेशनचा असतो. पुढच्या खरेदीच्या प्रस्तावाला हे तीन आकडे जोडा, आणि ते नसलेल्या प्रस्तावावर सही करू नका.